बायनाबाईची उचल

दुष्काळात दूध संस्थेच्या सेक्रेटरीला काम कमी असतं, असा एक गोड गैरसमज आहे. दूध कमी येतं हे खरं. पण सभा तेवढ्याच होतात, ठराव तेवढेच लिहावे लागतात, आणि सत्कार तर उलट वाढतात. देण्यासारखं दुसरं काही हाताशी उरलं नाही की माणसं एकमेकांना शाल-नारळ देऊ लागतात. तुम्ही-आम्हीही अशा सत्काराला कधी ना कधी टाळ्या वाजवल्याच आहेत.

अंबाजोगाईपासून दीड तासाच्या वाटेवरच्या त्या गावात पंडितराव एकतीस वर्षं दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. त्यांनी इतके सत्कार पार पाडले होते की आता झेंडूचा नुसता वास आला तरी त्यांना दमायला व्हायचं. त्यात दोन्ही गुडघे धरलेले. संस्थेचा हॉल वरच्या मजल्यावर, आणि दिवसातून चार वेळा तो जिना चढणं त्यांच्या नशिबी होतं.

२०१८ चा डिसेंबर चालू होता. पावसानं श्रावणातच पाठ फिरवलेली. दिवाळी सरली तसं निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेलं होतं, आणि गल्लीगल्लीत दारांना कुलपं लटकत होती. सकाळी संस्थेत येणारे कॅन अर्धेमुर्धे भरलेले असायचे. पूर्वी दहा वाजेपर्यंत चालणारं दुधाचं संकलन आता तासाभरात उरकायचं आणि खालची खोली दिवसभर रिकामी पडायची.

अशा दिवसांत चेअरमन सुंदररावांनी पंडितरावांना बोलावून घेतलं.

"पंडित, यंदा वर्धापन दिनाला जेवणावळ न्हाई, बँड न्हाई. पण दिवस सुना जाऊ द्यायचा न्हाई. पाच जानेवारीला आपल्या बायनाच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवू. बीडहून पाहुणे येतील, फोटो निघतील, आन त्या बिचारीचंबी नाव व्हईल."

बायनाबाई म्हणजे गावची चित्रकार. वय चाळिशीचं. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. गावातल्या दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, लग्नघराच्या भिंतीवरचे मोर आणि संस्थेचा दुधाच्या भावाचा फलक, सगळं तिच्याच हातचं. गेली काही वर्षं ती स्वतःसाठीही चित्रं काढत होती, पण ती कुणी फारशी पाहिली नव्हती.

पंडितरावांनी नेहमीप्रमाणे कागद घेतला आणि कामं वाटून टाकली. हार-नारळ, खुर्च्या, चहा, माईक. शेवटी त्यांना आठवलं, की हॉल वर आहे आणि बायना खाली. मग त्यांनी तळाला एक ओळ लिहिली: 'बायनाबाईची उचल — चार गडी.' कागद जिन्याखालच्या फळ्यावर लावला आणि घरी जाऊन गुडघ्याला शेक घेतला.

आता बीड जिल्ह्यात 'उचल' या शब्दाचा एकच अर्थ आहे, तो लहान पोरालाही कळतो. हंगामाआधी मुकादम तोडकऱ्याला जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. एकदा उचल घेतली की पुढचे सहा महिने माणूस मुकादमाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या बायकांनी तो कागद वाचला, आणि दूध डेअरीत जायच्या आत बातमी गावभर गेली.

"सेक्रेटरीसाहेब," दूध मोजणाऱ्या भारतनं विचारलं, "बायनाबाईला चार गड्यांची उचल दिली म्हणं संस्थेनं? हितं आमचा पगार दोन म्हैने थांबलाय."

"कोण म्हणतंय बे?"

"तुमीच लिवलंय की."

पंडितरावांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बायनाबाईचा निरोपही आला: सेक्रेटरींनी घरी येऊन जावं.

बायनाच्या घराला उंबरा नव्हता. तो तिनं स्वतःच फोडून काढला होता. दाराशी एक व्हीलचेअर उभी होती. तीही एका सत्कारातच मिळालेली. गल्लीतल्या दगडधोंड्यांत तिचं काही चालेना, म्हणून तिच्यावर आता ज्वारीचं पोतं बसलं होतं. बायना फिरायची ती फळीच्या गाड्यावर. फळीखाली बेअरिंगची चार चाकं, दोन्ही हातांत लाकडी ठोकळे, जमिनीला रेटा दिला की गाडा पुढं.

समोरच्या भिंतीवर तिनं कोळशानं नव्या वर्षाचा बेत लिहिला होता. पाच जानेवारीला संस्था. माघात अंबाजोगाईचं कॉलेज. शिवरात्रीला धर्मापुरी, जुन्या देवळासमोर. आणि खाली मोठ्या अक्षरांत: पाडव्यापासून दारं.

"दारं म्हंजी काय गं?" पंडितरावांनी बसता बसता विचारलं.

"पाडव्याला लोक तोडीहून परत येत्यात न्हवं? मंग एकेकाच्या दारावर त्या घरच्या माणसांची चित्रं काढायची. फुडल्या दिवाळीला कुलूप लागलं तरी दार मुकं वाटायचं न्हाई." तिनं पाण्यात बुडवलेला ब्रश उचलला. "कॉलेजचे चित्रकलेचे सर पाच तारखेला हितं बघाया येणार हायत. त्यांला पटलं तर माघात त्यांचा हॉल मिळतोय. हितलं बुडालं की फुडलं समदं बुडालं. हे सांगून ठिवते, मंग म्हनताल बायनाला कळत न्हाई."

"बुडतंय कावून? समदी तयारी झालीय."

"पंडितभाऊ, म्या तुमची उचल घेतली म्हणं."

"अगं, लिवण्यात चूक झाली. तुला उचलून वर न्यायचं, असं म्हणायचं व्हतं मला."

"मंग चूक कुठं झाली? बरोबरच लिवलंय की!"

बायना ब्रश पुसत पुसत बोलत राहिली. आवाज चढलेला नव्हता. फार वेळा मनात बोलून झालेलं माणूस बोलतं तसा तो होता.

"आईबाप तोडीला निघायचे तवा मला टरकात टाकायचे. आदी भांडी, मंग जळण, मंग कोंबड्या, मंग मी. हाताशी असंल त्यानं उचलायचं. डायवर उचलायचा, मुकादम उचलायचा. कोण कुठं धरतंय ते माझं मला ठावं. धा वर्साची झाले तवा बापाला म्हणलं, मला हितंच ठिवा. उपाशी ऱ्हाईन, पर मला पुन्यांदा कुणी उचलायचं न्हाई."

"आमी काय मुकादम हाव का? मानानं नेणार तुला."

"उचल घेतली की माणूस मुकादमाचं. उचलून नेलं की त्या दिवसापुरती मी तुमची. तुमी बशीवताल तिथं बसायचं, उतरवताल तवा उतरायचं, मोरीत जायचं तरी चार गड्यांला हाक मारायची. चित्रं न्या की वर. त्यांला उचललेलं चालतंय. मी खाली बसते. सरांनी इचारलं तर सांगा, कलावंत चपला राखाया बसलीय."

पंडितरावांना आता खरोखर वैताग आला. इथं प्यायच्या पाण्याचा टँकर चार दिवसांनी येतोय आणि हिला जिन्याचं पडलंय, असं त्यांच्या मनात आलंच. खोटं कशाला बोला, तुमच्या-आमच्याही मनात हेच आलं असतं.

"आता सरकारनं अपंग म्हणायचंबी बंद केलंय," ते म्हणाले. "बॅनरवर दिव्यांग छापणार हाव आमी. आनखी काय करायचं?"

"शबुद बदलला भाऊ. पायऱ्या बावीसच हायत."

"तुला काय ठावं बावीस हायत ते? तू कवा चढलीस?"

"खाली बसून तुमची पावलं ऐकते की. समद्यांची ऐकते." ती पहिल्यांदाच हसली. "तुमचं पाऊल दोन सालापासून अठराव्या पायरीवर थांबतंय."

पंडितराव उठले. उठताना दोन्ही गुडघे कटकन वाजले, आणि ते बायनानं ऐकलं हे त्यांना कळलं.

घरी विमलबाई भाकरी थापत होत्या. पंडितरावांनी सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "एका जिन्यापायी बाई वर्षाचं वाटोळं करून घेतीय. हट्ट हाय नुसता."

विमलबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "संक्रांतीचं हळदीकुंकू वरच्या हॉलात असतंय. मी कितीदा आले वर?"

"दर सालीच येतीस की."

"चार साल झाले, आले न्हाई. गुडघं मोडल्यापसून. तुमाला एवढंबी ठावं न्हाई."

"मंग जातीस कुठं? घरून तर नटून निघतीस."

"जिन्याखाली बसते. बाया वर जाताना इचारत्यात, काकू, कावून बसलाव? म्हणते, चपला राखते. एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं, आता कुणी इचारतच न्हाई. समद्याजणी बिनघोर चपला काढून जात्यात. माझ्या शेजारी बायना असती. आमी दोघी गप्पा मारतो." विमलबाईंनी भाकरी उलटली. "तिला पाय न्हाईत म्हणून तिचा सत्कार. मला पाय असून मी तिच्याच शेजारी. मला कोण शाल देणार?"

"तू सांगितलं न्हाईस कधी."

"सांगायचं काय त्यात? तुमी रोज तोच जिना चढताव, कण्हत कण्हत. तुमच्या दोस्ताचा, तात्याबाचा, श्वास फुलतोय, तो सभेला येईनासा झालाय. तुमी ठरावात लिवता, 'सभासदांची उपस्थिती कमी.' ती कमी न्हाई हो. ती खाली बसलीय."

पंडितरावांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली खरी, पण ती कशाबरोबर खाल्ली ते त्यांना सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांच्या सभांची इतिवृत्तं त्यांच्या हातची होती. त्यात कोण आलं ते सगळं होतं. कोण का आलं नाही, हे एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संकलनाच्या खोलीत उगाच उभे राहिले. भारत टेम्पोपासून कॅन आणत होता. भरलेला कॅन बुडाच्या कडेवर तिरका करायचा आणि गोल गोल फिरवत आत न्यायचा, ही त्याची रीत. दाराशी आल्यावर तो कॅन उचलत नव्हता. दाराशी सिमेंटचा एक रुंद उतार होता, त्यावरून कॅन अलगद वर चढत होता.

"भारत, हा उतार कवाचा हाय रे?"

"इमारत बांधली तवाचाच की. कॅन उचलून कंबर जाती, दूध सांडतं, म्हणून तवाच्या लोकांनी करून घेतलाय."

एकतीस वर्षं हा उतार त्यांच्या डोळ्यांसमोर होता! दुधाच्या कॅनला उचलायचं नाही, त्याला त्रास होतो, हे संस्थेला पहिल्या दिवशी कळलं होतं. माणसाचं मात्र आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पंडितराव तसेच सुंदररावांकडे गेले. प्रदर्शन खालच्या खोलीत घ्यायचं, हे ऐकून सुंदररावांनी चष्मा काढला.

"दुधाच्या वासात पाहुणे बशीवतोस? वर फरशी हाय, पंखे हायत, आमच्या वडलांचा फोटो हाय. एवढा मान देतोय आपण त्या बाईला."

"मान वर हाय, चेअरमनसाहेब, आन माणूस खाली हाय," पंडितराव म्हणाले. एवढ्या नोकरीत चेअरमनच्या तोंडावर बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य असावं, कारण दोघंही जरा गांगरले. "मान तिच्यापातूर न्यायचा का तिला उचलून मानापातूर न्यायचं, एवढंच ठरवा. आपल्या वडलांनीबी शेवटल्या पाच सालात एक सभा बघितली न्हवती. आठवतंय का?"

सुंदररावांना आठवत होतं. शेवटची पाच वर्षं म्हातारा ओसरीवर बसून रोज विचारायचा, आज सभेत काय झालं? आणि कुणीतरी उत्तर द्यायचं, कुणीतरी द्यायचं नाही. त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग एवढंच म्हणाले, "खोली नीट धुऊन घ्या. वास यायला नको."

पाच तारखेला बायनाबाई आपल्या गाड्यावर बसून गल्लीतून आली. नवं लुगडं, हातात ठोकळे. उताराशी आल्यावर चार गडी सवयीनं पुढं सरसावले. पंडितरावांनी नुसता हात आडवा केला. बायनानं तीन रेटे दिले, चौथ्याला गाडा जरा मागं आला, पाचव्याला ती आत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळी वाजवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एक बाई दारातून आत आली होती, इतकंच.

आत भारतनं चित्रं टांगून ठेवली होती. झाडून सगळी कुलूपबंद दारांची. पण पाहुणे बघत होते आणि मान इकडून तिकडं करत होते. दारं फार उंच वाटत होती, कुलपं माथ्यावर आल्यासारखी, कोपऱ्यातला रांजण भलताच मोठा. एकजण हळूच म्हणाला, "बिचारीला अंदाज येत न्हाई मापाचा."

बायनानं ते ऐकलं. "भारतभाऊ, चित्रं खाली घ्या. माझ्या डोक्याएवढी."

"एवढ्या खाली दिसतील कशी?" सुंदररावांनी विचारलं.

"बसा की."

भारतनं चित्रं खाली टांगली तसे कॉलेजचे सर पटकन जमिनीवर बसले. बाकीचे एकमेकांकडं पाहू लागले. तेव्हा विमलबाईंनी भिंतीकडचा एक रिकामा कॅन पालथा घातला आणि त्यावर टेकल्या. दुष्काळानं रिकामे कॅन भरपूर दिले होते. मग एकेक कॅन पालथा होत गेला. तात्याबा बसला, पाहुणे बसले, शेवटी धोतर सावरत सुंदररावही बसले. बसल्याबरोबर चित्रं जागेवर आली. कुलूप होतं तिथं दिसलं, रांजण रांजणाएवढा झाला, आणि दाराला लावून ठेवलेला खराटा, वाळलेली तुळस, मालकाची वाट बघत दाराशी पडलेलं कुत्रं, सगळं अगदी समोर आलं. माप चुकलेलं नव्हतं. बघणारे चुकीच्या उंचीवर उभे होते.

निम्म्या लोकांची भावंडं त्या दारांमागची होती.

पंडितराव एकेक चित्र बघत शेवटच्या चित्राशी आले आणि तिथंच थांबले. त्यात दार नव्हतं. संस्थेचा जिना होता, खालून बघितलेला, वर वर अंधारात जाणारा. पायथ्याशी चपलाच चपला. आणि चपलांच्या शेजारी एक बाई बसलेली, हातात हळदीकुंकवाची रिकामी वाटी. तोंड दिसत नव्हतं. पण चिंचेच्या रंगाच्या त्या लुगड्याचा काठ पंडितरावांनी स्वतः अंबाजोगाईच्या बाजारातून निवडून आणला होता. चार वर्षं ते रोज त्या जिन्यानं वर गेले होते, आणि बायको खाली बसलेली त्यांना चित्रात बघावी लागली.

"मोजा," मागून बायना म्हणाली. "बावीसच काढल्यात."

कॉलेजचे सर जायला निघाले तेव्हा म्हणाले, "बायनाबाई, माघातलं प्रदर्शन नक्की. फक्त आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे." मग स्वतःच ओशाळले. "खालचा व्हरांडा मागतो मी प्राचार्यांकडं. चित्रं तुमच्या डोक्याएवढीच लावू."

"आन बसाया कॅन आमी देतो," पंडितराव म्हणाले.

तर मंडळी, दुष्काळ काही त्या दिवशी संपला नाही. टँकर चार दिवसांनीच येत राहिला, कॅन अर्धेच भरत राहिले आणि पंडितरावांचे गुडघेही दुखायचे थांबले नाहीत. पण त्या वर्षीची संक्रांत खालच्या खोलीत झाली, आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात 'उपस्थिती कमी' हे दोन शब्द लिहावे लागले नाहीत. आपण माणसाला उचलतो आणि समजतो की मान दिला. उचलायला दोन मिनिटं लागतात, फोटोही निघतो. उतार करायला सिमेंट लागतं, आणि त्याआधी आपण कुठं उभे आहोत ते बघावं लागतं. ज्याला उचलावं लागतं तो अपुरा नसतो, अपुरी असते आपली इमारत. एवढं कळलं तरी शाल-नारळाचा खर्च वाचेल.

फळ्यावरचा तो कागद अजून आहे. तळाच्या ओळीतला 'उचल' हा शब्द खोडलेला आहे. त्याच्यापुढं पंडितरावांच्या अक्षरात लिहिलंय: 'उतार झाडून ठेवणे, रोज सकाळी — पंडित.'